हॉलमध्ये माणूस होता

बाबांच्या आयुष्यात दोनच नोकऱ्या झाल्या. मधली सगळी नुसती कामं होती, असं ते म्हणत. पहिली नोकरी गिरणीतली, मागावरची. ती संपात गेली. पण ती त्यांची एकट्याची गेली नाही, सगळ्या गिरणगावाची गेली, त्यामुळे तिच्यासाठी रडायला निदान सोबत होती. दुसरी त्यांची एकट्याची गेली. तिच्यासाठी मोर्चा निघाला नाही की पत्रक निघालं नाही. आमच्या भागातली पत्रकं मीच लिहायचे, तरीही निघालं नाही. का, तेही सांगते.

मधल्या कामांत भाजीची गाडी होती, दादरला फुलांच्या पाट्या उतरवणं होतं, आणि मग बरीच वर्षं एका टॉवरच्या गेटवर वॉचमनची खुर्ची होती. तो टॉवर गिरणीच्याच जमिनीवर उभा होता. कॉलेजात असताना मी त्यावर एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. बाबांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाले, "खुर्ची बरी असा गो. फक्त हाताक काय काम नाय."

मी संपानंतर जन्मलेली. काळाचौकीच्या चाळीत वाढले, आईने खानावळ चालवून आम्हाला जगवलं, आणि मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. संध्याकाळी गिरणी कामगारांच्या घरांसाठी सह्या गोळा करायचे, दिवसा नोकरी शोधायचे. शेवटी मिळाली तीही कंत्राटी. परळला एका बंद गिरणीच्या आवारात दगडी गोदाम उरलं होतं. बाबांच्या गिरणीचं नव्हे, शेजारच्या गिरणीचं. ते एका विज्ञानसंस्थेने भाड्याने घेऊन तिथे एक यंत्र उभं केलं होतं.

यंत्र काय होतं ते साध्या शब्दांत सांगते, कारण बाबांनाही मी असंच सांगितलं होतं. आभाळातून सारखे बारीक कण पडत असतात. छपरातून, भिंतीतून, आपल्या अंगातून आरपार जातात, कळत नाही. हे कण पकडता येत नाहीत, पण गेले एवढं कळू शकतं. त्यासाठी दाराएवढ्या मोठ्या काचा एकीवर एक रचलेल्या, मध्ये वायू भरलेला, आणि त्यावर भयंकर दाबाची वीज. कण गेला की काचेत बारीकशी ठिणगी पडते. ती ओळखायला प्रत्येक थराच्या कडेला इलेक्ट्रॉनिक कार्डं बसवलेली. त्या कार्डावरच्या चिपने कसं वागायचं, ते एका फाइलीतून ठरतं. त्या फाइलीला फर्मवेअर म्हणतात. फाइल बदलली की चिप आतून वेगळी होते, जणू कुणी तिच्या तारा उसवून परत जोडल्या. आणि फाइलच नसेल तर ते कार्ड म्हणजे हिरव्या रंगाची पट्टी.

सुरुवातीला ही फाइल बदलायला शिडी लावावी लागे. मी लॅपटॉप घेऊन वर चढायचे, एकेका कार्डाला केबल लावायचे, फाइल भरायचे, केबल काढायचे, पुढच्या कार्डाकडे जायचे. खाली शिडी धरायला कुणीतरी हवं म्हणून साहेबांनी कंत्राटदाराकडे मदतनीस मागितला. मी बाबांचं नाव सुचवलं. साहेब म्हणजे हॉलचे प्रमुख, गिरगावातल्या जुन्या घरातले, मृदू बोलणारे. त्यांनी बाबांना एकच विचारलं, "यंत्राची भीती वाटते का?" बाबा हसले. कित्येक वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

टॉवरची खुर्ची सुटली आणि माणूस बदलला, हे मी पत्रकी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ते सकाळी माझ्याआधी तयार असायचे. हॉलमध्ये शिरताना चपला बाहेर काढायचे, खरं तर तिथे तसा नियम नव्हता. पंख्यांचा आवाज ऐकत उभे राहायचे. गिरणीत असताना तंतू काढायची सवय होती, तशी इथे रॅकच्या, म्हणजे यंत्राच्या लोखंडी सांगाड्याच्या, जाळीवरची धूळ काढायचे. वायूच्या सिलिंडरचा काटा बघायचे. आग लागली किंवा वायू गळला तर यंत्र बंद कसं करायचं ते मी त्यांना शिकवलं होतं, आणि तसा तक्ताही स्विचपाशी चिकटवला होता: आधी मोठी वीज, म्हणजे काचांवरची, हळूहळू खाली आणायची, ती शून्यावर आली की मगच रॅकचा मुख्य स्विच.

चाळीत त्यांची थट्टा व्हायची. शेजारचे काका गॅलरीत दात घासता घासता विचारायचे, "काय रे, आज किती कण पडले?"

"तुझ्या डोक्यार पण पडले," बाबा म्हणायचे. "तुका कळाक नाय, त्येका आम्ही काय करू?"

"पाण्याचे पडतील तेव्हा सांग. बादली लावतो."

घरी आले की जेवताना मला मुद्दाम काहीतरी विचारायचे, त्या थराचा आवाज वेगळा का येतो, ते कार्ड गरम का होतं. आई म्हणायची, "आता त्या मशिनीशीच लगीन लावा तुम्ही." तिला बरं वाटत होतं ते कळायचं.

मग नेटवर्क आलं. दुसऱ्या एका शहरात बसलेल्या इंजिनियरांनी अशी सोय केली की फाइल तिथूनच पाठवायची, आणि ती सगळ्या कार्डांत एकदम भरली जायची. शिडी नको, केबल नको, मी नको. ही माणसं मी कधी पाहिली नाहीत. स्पीकरमधून त्यांचे आवाज यायचे. काम सुंदर होतं, हे मला मान्य करावंच लागेल. जे करायला आम्हा दोघांना आठवडा लागायचा ते तिकडे चहा पिता पिता व्हायचं. फाइल कधी येणार याची सूचना ईमेलने यायची. ईमेल कायम नोकरीतल्यांना होतं. कंत्राटी माणसांना नव्हतं, मलाही नव्हतं. यंत्राच्या एकूण एक कार्डाला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता होता. यंत्राजवळ दिवसभर उभ्या असलेल्या माणसाला नव्हता. हे वाक्य मी नंतर कागदावर बरेचदा लिहिलं आणि खोडलं.

आता खंडेनवमीचं. गिरणीत खंडेनवमीला पूजा कशी व्हायची, ते ज्यांच्या घरात माग चालवणारा कुणी होता त्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आधी यंत्र बंद व्हायचं. पट्टे थांबायचे, मागांचं अख्खं खातं गप्प व्हायचं. मग माग पुसून काढायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि मग हात जोडायचे. चालत्या मागाला हार घातला तर फिरता दांडा हारासकट हात ओढून नेईल, हे एक कारण. पण बाबा दुसरं सांगायचे. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, त्याला एक दिवस बसवल्याशिवाय पाया कसं पडायचं? बसलेल्याच्या पाया पडतात, धावणाऱ्याच्या नाही.

पहिल्या वर्षी आम्ही तशीच पूजा केली होती. मी रीतसर यंत्र बंद केलं होतं, बाबांनी रॅकला हार घातला होता, साहेबांनी हात जोडले होते आणि पेढा खाल्ला होता. दुसऱ्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी साहेबांनी मला नवी कार्डं आणायला मुख्य ऑफिसात पाठवलं. ते स्वतः मीटिंगला निघाले होते. दारात बाबांनी विचारलं, "साहेब, आज पूजा?"

"हो, हो, दुपारी करून घ्या," साहेब म्हणाले. "माझ्यासाठी थांबू नका."

हे माझ्यासमोर झालं. म्हणून लिहिते.

दुपारी दुसऱ्या शहरातून फाइल सुटली. ईमेल साहेबांना गेलेलं होतं. ते मीटिंगमध्ये होते. हॉलमध्ये बाबा एकटे. फाइल येत असताना कार्डांचे दिवे लुकलुकतात, पण ते तर एरवीही लुकलुकतात. बाबांनी हातपाय धुऊन पूजेसाठी आणलेला सदरा घातला, तक्त्याप्रमाणे मोठी वीज हळूहळू शून्यावर आणली, आणि रॅकचा स्विच बंद केला. जसं शिकवलं होतं अगदी तसं. मग जाळी पुसली, हळदकुंकू लावलं, हार घातला, हात जोडले. थोड्या वेळाने स्विच चालू केला. पंखे फिरले. दिवे लागले नाहीत.

मी परतले तेव्हा हार काढून खुर्चीवर ठेवलेला होता आणि बाबा ओल्या फडक्याने रॅकवरचं कुंकू पुसत होते. आधीच पुसून झालं होतं, तरी पुसत होते. मला ते बघवलं नाही. मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं.

"चालू होणा नाय गो," ते म्हणाले. "कुंकू आत गेला असात. माझा बोट जरा ओला होता."

"कुंकवाने काही होत नाही, बाबा."

"मग हाराचा पाणी?"

मी केबल लावली. पहिल्या कार्डात अर्धी फाइल, पुढचं रिकामं. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यातही. जुनी फाइल पुसून नवी भरली जात असताना वीज गेली होती. जुनी गेली, नवी आली नाही.

यावर साधा उपाय असतो. जुन्या फाइलीची एक प्रत चिपच्या शेजारी वेगळ्या कोपऱ्यात जपून ठेवायची, जिला वरून कुणी हात लावू शकणार नाही. नवी अर्धवट आली तर कार्ड त्या जुन्या प्रतीवर जागं होतं. हे त्या इंजिनियरांना माहीत होतं. 'पुढच्या आवृत्तीत करू' म्हणून त्यांनी ते ठेवून दिलं होतं. परळमध्ये फ्यूज उडाला असता तरी हेच झालं असतं. कुणाच्या मांजरीने वायर ओढली असती तरी. मी हे तावातावाने बाबांना समजावत होते, आणि ते फक्त त्या न लागलेल्या दिव्यांकडे बघत होते.

संध्याकाळी साहेब आले. आधी त्यांनी डोकं धरलं, मग स्पीकरवरच्या आवाजाशी इंग्रजीत बोलले, मग मला बाजूला घेतलं. "हे बघ, चौकशी होणार. कार्डं पुन्हा भरता येतील, पण दोन-तीन आठवडे यंत्र आंधळं राहणार. वर विचारतील. तू लिहून दे की वीज गेली होती. इथे जातेच. बाबांनी तेवढं हो म्हणायचं. विषय संपला."

मला ते पटलं. सरळ सांगते, पटलं. ज्यांनी प्रत ठेवली नाही ते सुटणार, ज्यांनी ईमेल दिलं नाही ते सुटणार, मग एकटा म्हातारा माणूसच खरं बोलून का मरावा? मी रात्रीचं जेवण व्हायच्या आत ते निवेदन लिहून काढलं. लिहिण्यात मी तयार होते. चार ओळी, एकही शब्द फाजील नाही. बाबांना वाचून दाखवलं.

"वीज जाऊक नाय," ते म्हणाले.

"मला माहितीय. पण असं लिहिलं तर तुमचं काम राहील."

"मशीन मी बंद केलंय."

"बाबा, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमचा दोष नाही. तुम्ही यात फसलात."

हा शब्द मी सहज वापरला. पत्रकांत तो माझ्या हाताला बसलेला होता. बाबांनी ताट पुढे सरकवलं. ते रागावलेले मी फार कमी वेळा पाहिले आहेत, आणि तेव्हाही आवाज चढत नसे.

"तुझ्या सगळ्या कागदांत ता लिवलेला असता. गिरणी कामगार फसले. पुढाऱ्यांनी फसवले, मालकांनी फसवले. मी वाचतंय, बोलणा नाय. पण माका कोणी फसवूक नाय गो. संपाच्या त्या दिवशी पाळी चालू होती. माझो माग चालू होतो. मी माझ्या हातान दांडो ओढून बंद केलंय, आणि चालत भायर इलंय. हरलंय, ता खरा. पण बंद मी केलंय. आता ह्या पण आपोआप बंद झाला म्हणान सांगू? मग मी आयुष्यात केलंय काय?"

आई म्हणाली, "अवो, पोर तुमच्यासाठीच सांगता."

"माझ्यासाठी सांगता, म्हणान तर माका नको."

मी तो कागद फाडला. नंतर झोप येईना, म्हणून उगाच नवीन लिहायला बसले: हॉलमध्ये माणूस होता आणि त्याला सांगायची कुणाला गरज वाटली नाही. तेवढंच वाक्य झालं.

चौकशी म्हणजे एक टेबल, साहेब, वरून आलेले दोघे आणि मधोमध ठेवलेला स्पीकर. बाबांना बसायला सांगितलं तरी ते बसले नाहीत. स्पीकरमधून प्रश्न आला, साहेबांनी तो मराठीत सांगितला, "रॅकची वीज गेली होती का?" प्रश्नातच उत्तर ठेवून दिलं होतं. भल्या माणसाने दरवाजा उघडून धरावा तसं.

"नाही साहेब," बाबा म्हणाले. सभ्य माणसांसमोर ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत. "वीज होती. मशीन मी बंद केलं. पूजेसाठी."

वरून आलेल्यांपैकी एक जण हसला. वाईट हसला नसेल, पण हसला.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "पूजा करा म्हणून सांगितलं होतं. सकाळी, दारात. मी होते तिथे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. चष्मा काढून पुसला. "मी पूजा करा म्हणालो," ते हळू म्हणाले. "बंद करा म्हणालो नव्हतो. आमच्या ऑफिसात सगळे करतात की. कॉम्प्युटरवर फूल ठेवतात. चालू असतो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी पूजा म्हणजे फूल ठेवणं. गेल्या वर्षी त्यांनी बंद यंत्रापुढे हात जोडले होते, पण ते बंद आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. तंतू, दांडे, पट्टे यांच्यामध्ये ज्याचं तारुण्य गेलं त्याला चालत्या यंत्राची पूजा होते हे ठाऊक नव्हतं, आणि ज्याचं टेबलापाशी गेलं त्याला यंत्र आधी बसवावं लागतं हे. मी भांडायला तोंड उघडलं, इतक्यात बाबा म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे. बंद करा असं ते बोलले नव्हते. ते मी केलं."

मग प्रत ठेवली नाही त्याचं मी बोलले. ईमेलचं बोलले. स्पीकरमधून आवाज आला की मुद्दा योग्य आहे, नोंद घेतली आहे, पुढच्या आवृत्तीत प्रत ठेवली जाईल. तशी ती ठेवलीही गेली. चांगलं झालं. आता कुणी कधीही वीज तोडली तरी कार्डं जागी होतात. बाबांच्या चुकीमुळे यंत्र शहाणं झालं, असं साहेब नंतर मला एकदा म्हणाले. त्यांना ते सांत्वन वाटलं असावं.

कंत्राटदाराला सांगण्यात आलं की मदतनिसाची आता गरज नाही. कुणाला काढलं असं कुठे लिहिलं गेलं नाही. शिडी लागत नव्हती, सिलिंडरचा काटा आता कॅमेऱ्यातून दिसणार होता, दाराला कुलपाऐवजी ओळखपत्राने उघडणारं यंत्र बसणार होतं. सगळं खरंच होतं. म्हणून तर भांडायला काही हातात येत नव्हतं.

आमच्या घरांच्या लढ्यातला एक कार्यकर्ता मला म्हणाला, "अगं, हे लिही ना. गिरणी कामगार, दोनदा बळी. आग आहे ही. दोन दिवसांत छापून वाटतो." मी बसले लिहायला. पत्रकाला एक बळी लागतो. बळी म्हणजे ज्याच्यावर काहीतरी केलं गेलं असा माणूस. तसं लिहिलं की ओळी धावायच्या, आणि प्रत्येक ओळीत बाबा नाहीसे व्हायचे. त्यांनी बंद केलं असं खरं लिहिलं, तर पत्रक होत नव्हतं. त्या कार्यकर्त्याला मी सांगितलं, जमत नाही. तो म्हणाला, "घरचं असलं की जमत नाही, होतं असं." मी हो म्हटलं. समजावून सांगायला दम नव्हता.

कार्डं मात्र भरायची होती. नेटवर्कवरून ती आता ऐकत नव्हती, मेलेल्याला हाक मारून काय होणार. परत शिडी काढली. परत केबल. खाली शिडी धरायला कंत्राटदाराने एका पोराला धाडलं, तो फोनवर बोलत एका हाताने धरायचा. मी एकेक कार्ड उघडायचे, जुळवायचे, भरायचे, आणि हिरवा दिवा लागला की पुढे सरकायचे.

संध्याकाळी घरी आले की बाबा गॅलरीत असायचे. दिवसभर ते काय करत ते आईला विचारायची हिंमत मला झाली नाही. माझी बॅग खाली ठेवायच्या आत विचारायचे, "आज किती लागले?"

मी आकडा सांगायचे. ते मान हलवायचे. "वरच्या थरातलो तो कोपरो?"

"त्याला त्रास होतोय. उद्या बघते."

"त्येची केबल ढिली असता. माका म्हायत असा. जरा दाबून धर."

दाबून धरली तरी झालं नाही. ते कार्ड वेगळ्याच कारणाने अडलं होतं. पण घरी येऊन मी सांगितलं की दाबून धरली होती, आणि ते खरं होतं.

असे दिवस गेले. त्या दिवसांत आम्ही जितकं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो, नंतरही नाही. जेवण व्हायचं, आई भांडी आवरायची, आणि आम्ही दोघं एका न दिसणाऱ्या यंत्राच्या थराथरातून फिरत असायचो. शेजारचे काका आता कणांचं विचारत नसत. आले की हवापाण्याचं बोलून जात.

शेवटच्या कार्डाचा दिवा लागला तेव्हा साहेबांनी पेढे मागवले. मोठी वीज हळूहळू वर चढवली आणि पडद्यावर पुन्हा आकडे पळायला लागले. आभाळातले कण मधल्या काळातही पडतच होते. कुणी मोजत नव्हतं, एवढंच.

घरी येताना भारतमाता टॉकीजपाशी मी उगाच रेंगाळले. मनात आलं, सांगावं अजून एक राहिलंय. एखादं हट्टी कार्ड, महिनाभर पुरेल असं. मला ते सहज रंगवून सांगता आलं असतं. पण त्यांना खोटं चाललं नव्हतं, स्वतःच्या नोकरीसाठीसुद्धा.

गॅलरीत त्यांनी विचारलं, "आज किती लागले?"

"सगळे," मी म्हणाले. "चालू झालं."

"सगळे?"

"हो."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि मला आत जायला वाट द्यावी म्हणून कठड्याकडे सरकले. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा ते तिथेच उभे होते. मी बॅग खाली ठेवली. आकडा न विचारता ते कठड्याकडे सरकले आणि म्हणाले, "जा, हातपाय धू."